बाहुलीचा सदरा निघतो का?

खेळण्यांच्या दुकानात 'शिकवणारी बाहुली' म्हणून जी मिळते, तिचा सदरा काढून बघा. निघत नाही. पोटावर चेन आहे, ती खाली-वर होते. छातीवरच्या खिशाला हे एवढं बटण आहे. एका बुटाला नाडी, दुसऱ्याला बक्कल, कुठेतरी एखादं टिचबटण. सगळं आहे, पण सगळं अंगालाच शिवलेलं. चेन पूर्ण उघडली तरी आत फक्त आणखी एक कापड दिसतं.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत प्लेस्कूल कंपनीने १९७० च्या दशकात डॅपर डॅन आणि ड्रेसी बेसी नावाची जोडी विकली. कापडी मुलगा, कापडी मुलगी, आणि अंगभर चेन-बटणं-नाड्या. तिकडच्या एका पिढीच्या घराघरात ती होती. आज आपल्याकडे ऑनलाइन जे मिळतं ते बहुतेक त्याच कुळातलं. बाहुल्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. प्रवासात मूल अर्धा तास गुंतून राहतं, आणि अर्ध्या तासाची किंमत काय असते ते आयांना विचारा. पण या बाहुल्या 'कपडे घालायला' शिकवतात हा दावा मला पटत नाही. त्या उघडझाप शिकवतात. कपडे घालणं ही वेगळीच गोष्ट आहे.

गेली काही वर्षं मी घराजवळच्या एका बालवाडीसाठी कापडी बाहुल्या शिवते आहे. (घरच्या मंडळींना हे माहीत आहेच, त्यांच्या जुन्या चादरी कुठे गेल्या तेही माहीत आहे.) त्यामुळे मुलं बाहुलीशी नेमकं काय करतात हे बघायला भरपूर मिळतं, आणि त्यावरून माझी काही ठाम मतं झाली आहेत.

आधी साधा सदरा घ्या, डोक्यातून घालायचा. त्याला भोकं किती? चार. खालच्या मोठ्या भोकातून आत शिरायचं आणि उरलेल्या तिनांतून बाहेर यायचं. मधला सगळा प्रवास अंधारात. डोकं बाहीत अडकतं, हात गळ्यातून बाहेर येतो, आणि सगळं जमलं तर पुढचा गळा पाठीवर. चड्डीला तीन भोकं, तिथे दोन्ही पाय एकाच भोकात जाण्याची सोय. बटणं आली की आणखी गंमत. वरचं बटण मुलाला दिसतच नाही, ते हनुवटीखाली असतं. मोठ्यांना हे कळत नाही, कारण आपण हे सगळं झोपेत करतो. एकदा उद्या सकाळी डोळे मिटून, जाड हातमोजे घालून, दुसऱ्याच कुणाचा शर्ट घालून बघा. तीन वर्षांच्या मुलाची रोजची सकाळ साधारण तशी असते.

बाहुलीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. स्वतःच्या अंगावर जे अंधारात किंवा हनुवटीखाली घडतं, ते बाहुलीच्या अंगावर उजेडात घडतं. बाही म्हणजे बोगदा आहे, तो या टोकाला सुरू होतो आणि त्या टोकाला संपतो, हे मुलाला बाहेरून बघता येतं. पण त्यासाठी बाही निघाली पाहिजे! अंगाला शिवलेल्या बाहीत बघण्यासारखं काही नसतं.

मारिया माँटेसरीने हा प्रश्न फार नेटका सोडवला होता. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिने आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. तिच्या साधनांत कपड्यांच्या चौकटी असतात. फूटभर लाकडी चौकट, तिला दोन्ही बाजूंनी कापडाचे दोन पदर, आणि मधोमध ते जोडायची एकच तऱ्हा. एका चौकटीवर मोठी बटणं, एकीवर टिचबटणं, एकीवर हुक, एकीवर नाडीच्या गाठी, एकीवर बकलं. एका वेळी एकच अडचण. चौकट टेबलावर सपाट, डोळ्यांसमोर. तिच्या विचाराला तोड नाही. शिवाय बाहुल्यांबद्दल तिचं मत काही फार बरं नव्हतं. शाळेत छान छान खेळणी ठेवलेली असूनही मुलांनी ती निवडलीच नाहीत, असं तिने लिहून ठेवलं आहे.

तिच्याशी वाद घालणारी मी कोण! पण चौकटीला हात नसतात, डोकं नसतं. चौकट थंडीने कुडकुडत नाही. चौकटीवर पाचही बटणं सफाईने लावणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तीच मुलं स्वतःचा शर्ट घालायला आईपुढे हात पसरून उभी राहतात. चौकट आणि स्वतःचं अंग यांच्या मध्ये एक पायरी कमी आहे. ती पायरी बाहुलीने व्हावं, पण दुकानातली बाहुली म्हणजे हात-पाय फुटलेली चौकटच. त्यातही सगळ्या अडचणी एकाच अंगावर गोळा केलेल्या, म्हणजे चौकटीचा गुणही गेला.

आता बाहुली कशी असावी, यावर. पहिली गोष्ट ती बसवायची कुठे. आपण बाहुली मुलासमोर ठेवतो, तोंड मुलाकडे करून. छान दिसतं. पण मग तिचा उजवा हात मुलाच्या डाव्या बाजूला येतो, आणि सगळंच आरशासारखं उलटं होतं. मुलग्यांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात आणि काजं डाव्या. मुलींच्या कपड्यांत बऱ्याचदा याच्या उलट. म्हणजे समोर बसवलेल्या बाहुल्याला शर्ट घालणं हे, हातांच्या हिशेबाने, मुलींचा शर्ट घालणं झालं. मोठ्या माणसाला फरक पडत नाही. पण ज्याच्या बोटांत ही हालचाल आत्ता कुठे बसते आहे, त्याला पडतो. म्हणून बाहुली मांडीत घ्यायची, तिची पाठ आपल्या पोटाला. तिच्या खांद्यावरून खाली बघितलं की स्वतःच्या पोटाकडे बघितल्यासारखंच दिसतं, आणि हातही त्याच वाटेने येतात. बालवाडीतल्या ताई हे आता मुलांना न सांगता करतात, नुसतं मांडीत देतात.

हे एकदा ठरलं की बाहुलीची मापं आपोआप ठरतात. ती मांडीत बसली पाहिजे, म्हणजे कमरेत वाकली पाहिजे आणि बुडाशी जड पाहिजे. मी घट्ट शिवलेल्या पुरचुंडीत धुतलेली, वाळवलेली वाळू घालते. उंची दीड फुटाच्या आसपास. याहून मोठी झाली तर तिचं डोकं मुलाच्या नाकासमोर येतं. लहान करायची तर त्यातही गोची आहे, कारण बाहुली लहान करता येते पण कापडाची जाडी लहान करता येत नाही. १९५९ साली आलेली बार्बी बघा. साडेअकरा इंच उंची, माणसाच्या साधारण एक-षष्ठांश. तिचा झगा एक-षष्ठांश झाला, पण शिवण, दुमड आणि दोरा माणसाचाच राहिला. मग ते टिचबटण नखाने लावायचं, आणि ती बाही त्या ताठ बोटांवरून चढवायची. हे काम चार वर्षांची मुलगी करत नाही, तिची आई करते. बार्बी ही बघण्याची आणि कल्पनेची बाहुली आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

डोक्याबद्दलही एक सांगायचं आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. लहान मुलाला गळ्यातून डोकं काढणं जड जातं ते काही उगीच नाही, त्याचं डोकं खरंच मोठं असतं. शोभेसाठी बाहुलीचं डोकं छोटं केलं की सदरा सुळकन जातो आणि मूल काहीच शिकत नाही. डोकं मोठं ठेवायचं, सदऱ्याचा गळा खांद्यावर एका टिचबटणाने उघडणारा करायचा. आपल्या आज्यांनी झबल्याला पाठीवर बंद का ठेवले होते, ते तेव्हा कळतं.

हातांचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो पूर्ण सुटत नाही. कापडी बाहुलीच्या हातात हाड नसतं. तिला बाही घालायची तर बाहीच्या टोकाकडून आपला हात आत घालून तिचा हात पकडायचा आणि ओढून बाहेर काढायचा. थोडक्यात, आई करते तसं. स्वतः कपडे घालताना आपण हात ढकलतो, इथे ओढतो. मूल बाहुलीला कपडे घालतं तेव्हा ते मुलाचं नाही, आईचं काम शिकत असतं. कुणी म्हणेल मग फायदा काय. मला वाटतं फायदा आहे, फक्त वेगळा. ज्या मुलाने बाहुलीचा हात बाहीतून दहा वेळा ओढून काढला आहे, त्याला बाहीच्या त्या टोकाला काहीतरी होणं अपेक्षित आहे हे ठाऊक असतं. मग ते स्वतःचा हात अर्ध्यात सोडून देत नाही. हातांत थोडी घट्ट गुंडाळी भरली, मनगटापर्यंत ताठ आणि खांद्याशी सैल, की ढकलणंही जमतं. बाजारातल्या बाहुलीचे हात बहुतेकदा शरीरापासून आडवे पसरलेले असतात, कारण खोक्यात तसे छान दिसतात. आडव्या हातांवर बाही चढवून बघाच एकदा.

हातावरून आठवलं. ज्या मुलांची एक बाजू कमकुवत असते, मेंदूच्या पक्षाघातामुळे वगैरे, त्यांना व्यवसायोपचार करणारे लोक एक नियम शिकवतात. घालताना कमजोर हात आधी, काढताना तो शेवटी. साधा, कामाचा नियम. मी एक बाहुली तशी केली आहे, एक हात मऊ आणि एक जरा ताठ, कोपरात न वाकणारा. 'आजारी' म्हणून नाही, नुसती तशी बाहुली. नेहमीची मुलं चांगला हात आधी घालतात आणि मग अडकतात. दोन-तीन दिवसांत कुणी न सांगता क्रम बदलतात. त्या वर्गात उद्या असं मूल आलं तर त्याला कपडे घालताना बाकीच्यांना फार नवल वाटणार नाही, एवढी माझी आशा.

याच लोकांकडून आलेली दुसरी युक्ती म्हणजे शेवटापासून सुरुवात. बटण लावायला शिकवायचं तर आपण ते काजातून अर्धं बाहेर काढून द्यायचं आणि मुलाने फक्त शेवटचं ओढायचं. काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाचा. मग हळूहळू आपला वाटा कमी. त्यामुळे बाहुलीचे कपडे अर्धे घातलेल्या अवस्थेत टिकून राहिले पाहिजेत. गुळगुळीत सॅटिन घसरतं, मांजरपाट जागेवर राहतं.

आणि सगळ्यात आधी काढणं, मग घालणं. मूल वर्ष-दीड वर्षाचं असताना मोजे ओढून फेकतं, तो त्याचा पहिला धडा असतो आणि आपण ओरडतो. पुढची मोठी बटणं साधारण तीन-साडेतीनच्या पुढे जमू लागतात, बुटाच्या नाडीची गाठ पाच-सहाला. म्हणजे तीन वर्षांच्या बाहुलीच्या बुटाला नाडी बांधणं हे मुलासाठी नाही, विकत घेणाऱ्या काकांसाठी आहे.

वेल्क्रोबद्दल लोक मला हमखास विचारतात. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरला १९४१ साली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या कुसळांवरून ती कल्पना सुचली, आणि ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांच्यावर त्याचे उपकार आहेत. पण बाहुलीच्या सगळ्या कपड्यांना वेल्क्रो लावणं म्हणजे कारखानदाराची सोय. कसंही चिकटवलं तरी चिकटतं, आणि वेडंवाकडं चिकटल्याचं मुलाला कळत नाही. बटण चुकीच्या काजात गेलं तर खाली एक बटण उरतं. बटण बोलतं, वेल्क्रो गप्प बसतो.

मग आपल्याकडचे कपडे. तिकडच्या बाहुलीला बुटाचं बक्कल असतं, पण आपल्या मुलाला रोज कशाशी झगडावं लागतं? लेंग्याची नाडी. परकराचा नेफा. फ्रॉकचे पाठीवरचे हुक, जे स्वतः लावणं मोठ्या बाईलाही कठीण, ते बालवाडीच्या मुलीला! शाळेच्या हाफपँटचा तो लोखंडी हुक. आपल्या परंपरेतल्या बाहुल्या इथे कामाला येत नाहीत. लाकडी ठकीचे कपडे रंगवलेले असतात. चिंध्यांच्या बाहुलीला चोळी-परकर असतो, तिचं थाटात लग्नही लागतं, पण एकदा नेसवलं की शिवून टाकायची पद्धत. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम करताना माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. त्याच धर्तीवर बाहुलीलाही आपली नाडी मिळायला हवी असं मला वाटतं. नाडीचं एक टोक नेफ्यात आत पळतं, तेव्हा काय करायचं, हा धडा कुठल्याही आयात खेळण्यात नाही.

हे सगळं कौतुकाचं, हौसेचं वाटेल. पण बालवाडीतलं एक मूल मला विसरता येत नाही. मुलगा, साडेतीनचा, बोलका. रोज मधल्या सुट्टीच्या आधी तो एकदम गप्प व्हायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. त्याच्या चड्डीला हुक होता. तो त्याला निघायचा नाही, आणि 'मला काढून द्या' म्हणायची लाज वाटायची. पाणीच कमी पिऊ लागला होता तो. पुढे चड्डी इलॅस्टिकची झाली आणि प्रश्न एका दिवसात मिटला. पण अशी किती मुलं असतील, जी 'हट्टी' किंवा 'शू सांगत नाही' म्हणून बोलणी खातात? स्वतःची चड्डी स्वतःला काढता-घालता येणं म्हणजे त्या वयात अब्रू आहे. शिवाय, ज्या मुलाला हे स्वतः येतं त्याच्या कपड्यांना हात लावायचं दुसऱ्या कुणाला कारण उरत नाही. आजच्या काळात याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

मुलगे आणि बाहुल्या हा आणखी एक विषय. 'आमचा बाहुली खेळत नाही हो' असं पालक जरा अभिमानानेच सांगतात. डॅपर डॅनच्या कंपनीला निदान मुलगा काढायचं सुचलं होतं. माझ्या बाहुल्यांत निम्मे बाहुले असतात, आणि मुलगे त्यांना चड्डी घालतात, काढतात, रागावतात, झोपवतात. घरी जाऊन सांगतात की नाही, माहीत नाही.

शिवणाऱ्यांसाठी एक जरुरीची गोष्ट. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. त्यात पूर्ण मावेल तो तुकडा घशात अडकू शकतो असं धरतात. आपली बहुतेक सगळी बटणं त्यात मावतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण घरच्या बाहुलीला कोण तपासणार? तेव्हा बटणाखाली पट्टीचा तुकडा घ्यायचा, दोरा दुहेरी, आणि शिवून झाल्यावर आपल्या सगळ्या ताकदीने ओढून बघायचं. अगदी लहानांसाठी बटणं नकोतच. कापडी गुंडी आणि फासा करावा, आणि तोही तितकाच पक्का शिवावा.

सध्या हातात आहे तो रेनकोट. जूनमध्ये बालवाडीच्या दारात वीस मुलं आणि दोन ताई असा देखावा असतो. रेनकोट जमिनीवर उताणा उघडा पसरायचा, टोपीकडच्या बाजूला उभं राहायचं, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि झप्पकन डोक्यावरून मागे टाकायचा. माँटेसरी शाळांत कोट असाच घालायला शिकवतात. बाहुलीच्या मापाचा रेनकोट दुकानात मिळत नाही. तेव्हा मंडळी, कुणाचा जुना, फाटका रेनकोट माळ्यावर असेल तर टाकू नका, मला हवा आहे. आणि जुन्या शर्टांच्या काजपट्ट्याही, बटणांसकट. पोछा करण्याआधी कापून ठेवा. मे महिन्यात येऊन घेऊन जाईन.